बिननावाची पुडी: लेकराच्या खोकल्यावरून आमची झालेली फसवणूक

तुमच्या लेकराला खोकल्यासाठी किंवा दम्यासाठी कुणाची पुडी चालू असेल आणि त्या पुडीवर औषधाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव असं काहीच छापलेलं नसेल, तर माझी पहिली विनंती आहे की घाबरून ती आजच्या आज एकदम बंद करू नका. पुडी आणि लेकरू दोन्ही घेऊन लेकरांच्या डॉक्टरकडं किंवा सरकारी दवाखान्यात जा आणि ते सांगतील तसं करा. असं का म्हणते ते पुढं लिहिते.

आम्ही परभणी जिल्ह्यातले. शेती कापूस, सोयाबीन, तुरीची. दिवाळीच्या आगंमागं कापूस घरी येतो आणि भाव चढंल या आशेवर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवतो. पलीकडच्या खोलीत आम्ही झोपतो. २०२५ च्या हिवाळ्यात, थंडी पडायला लागली तसा माझ्या चार वर्षांच्या मुलाला खोकला सुरू झाला. दिवसभर अंगणात खेळायचा, पण मध्यरात्र उलटली की उठून बसायचा. खोकून खोकून उलटी व्हायची, तिच्यात चिकट पांढरा बेडका पडायचा, मग जरा डोळा लागायचा की परत तेच. पाठीला कान लावला की आतून बारीक शिट्टी ऐकू यायची. माझ्या सासूबाई, आत्याबाई, त्याला खांद्यावर टाकून ओसरीत फेऱ्या मारायच्या. "माय गं, लेकराचा जीव अर्धा व्हायलाय," म्हणायच्या.

तालुक्याच्या बालरोग डॉक्टरांनी तपासून बालदमा सांगितला. श्वासनळ्यांना आतून सूज येते, त्या आवळतात, म्हणून रात्री शिट्टी वाजते आणि खोकल्याची उबळ येते. घरातला कापूस, चुलीचा धूर, थंड हवा, सर्दी, यातल्या कशानंही ती उठते. त्यांनी श्वासातून औषध ओढायचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची मास्क असलेली नळकांडी, लिहून दिली. औषध बरोबर होतं, आज तेच चालू आहे. पण घरी आल्यावर जो तो सांगायला लागला की पंप एकदा लागला की जन्माचा लागला, पोरीचं असतं तर सोयरीक मोडली असती. पंप डबीतच राहिला, आणि एका लग्नात पावण्यांकडून आम्हाला 'त्या' माणसाचा पत्ता मिळाला.

बाजाराच्या गावात, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. बाहेर पाटी: 'दमा, जुनाट खोकला, अंगावरचे चट्टे, मूळव्याध मुळापासून कायमचे बंद'. आत भिंतीला देवांच्या फोटोंच्या रांगेत चौकटीत लावलेलं एक प्रमाणपत्र होतं. त्यावर कसल्या तरी उपचारपद्धतीच्या 'डिप्लोमा'चं नाव होतं, पण नोंदणी क्रमांक कुठंच नव्हता. दारात चपलांचा ढीग. गर्दी बघूनच माणसाचा विश्वास बसतो, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

बोलणं इतकं गोड की काय सांगावं. आत्याबाईंना "मावशी, बसा, पाणी घ्या" म्हणाला. लेकराला मांडीवर घेतलं, नाडी बघितली आणि आम्ही काही सांगायच्या आधीच, "रात्रीचं उठून बसायलंय ना?" असं विचारलं. दम्याचं कुठलंही लेकरू रात्रीच जास्त खोकतं, त्यात ओळखण्यासारखं काहीच नव्हतं. आत्याबाईंनी मात्र तिथंच हात जोडले.

मग त्यानं छिंदवाड्याचा विषय काढला. "पेपरात वाचलं ना ताई? बाटलीतल्या औषधानं लेकरं मेली. माझं बघा, सगळं झाडपाल्याचं." ती बातमी तेव्हा घराघरात होती. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये खोकल्याचं एक सिरप पिऊन वीसहून जास्त लेकरांच्या किडन्या निकामी झाल्या आणि ती दगावली. त्यातल्या कितीतरी लेकरांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन सापडलं. हे सगळं खरं आहे. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं कळवलं की दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना खोकला-सर्दीची सिरपं देऊच नयेत आणि पाच वर्षांच्या आतल्यांनाही साधारणपणे देऊ नयेत. ते सिरप निदान पकडता तरी आलं, कारण बाटलीवर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर छापलेला होता. या माणसानं आमची त्याच बातमीची भीती उचलली आणि जिच्यावर काहीच छापलेलं नाही अशी पुडी आमच्या हातात ठेवली.

महिन्याचे अडीच हजार. पावती मागितली तर हसून म्हणाला, "मी काय दुकान मांडून बसलोय का?" आणि निघताना एक अट घातली: दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरचं औषध चालू ठेवलं तर माझं औषध लागू पडणार नाही. या अटीनं आमचा डॉक्टरशी संबंध तुटला. लेकरू कुणी तपासलंच नाही तर त्याची चोरी पकडणार तरी कोण?

पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची. आत तपकिरी चूर्ण, सुंठ-ज्येष्ठमधाचा वास. दिवसातून दोनदा मधातून चाटवायचं. आणि खोकला थांबला. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासूनच लेकरू सलग झोपायला लागलं. कितीतरी दिवसांनी आम्हीही झोपलो. ज्याचं लेकरू रात्रभर खोकतं, त्यालाच त्या झोपेची किंमत कळंल. ह्यांनी तर ज्याला त्याला पत्ता वाटला.

थोड्याच दिवसांत पोराची भूक वाढली. भाकरी खाऊन उठला की परत भाकरी मागायचा. गाल वर आले, चेहरा चांदोबासारखा गोल झाला. येणारं जाणारं माणूस म्हणायचं, "चांगलं बाळसं धरलंय की!" कपाळावर आणि पाठीवर बारीक काळी लव दिसायला लागली. चिडचिड इतकी वाढली की हातातली वाटी फेकून द्यायचा. हातपाय मात्र होते तसेच बारीक. अंघोळ घालताना ते मला दिसायचं. मी त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "विष बाहेर पडायलंय, चांगली खूण आहे."

मग संक्रांतीच्या सुमाराला त्यानं भाव वाढवला. आजार हाडात गेलाय, मोठा कोर्स लागंल, साडेचार हजार. कापूस विकलेला नव्हता, पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत पुड्या संपल्या. दोन दिवस लेकरू नुसतं पडून होतं. उलट्या, पोटात दुखतंय म्हणून रडणं, उभं केलं की मान टाकणं. तिसऱ्या रात्री खोकला आला तो पहिल्यापेक्षा दुप्पट. सदरा वर केला तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुगत होत्या. आमच्या गावच्या आशाताईंना उठवलं. त्यांनी मोबाईल लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले आणि तिथूनच १०८ ला फोन केला.

हे मोजणं प्रत्येक आईला यायला पाहिजे, म्हणून सविस्तर सांगते. लेकरू शांत किंवा झोपेत असताना पोट-छाती उघडी करायची आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर तो जलद श्वास आहे, लेकरू लगेच दाखवायचं. छाती आत ओढली जात असंल, ओठ निळसर दिसत असतील, लेकरू पाणी पीत नसंल, बोलता बोलता दम तुटत असंल किंवा गुंगीत असंल, तर मोजत बसायचं नाही, सरळ निघायचं. १०८ ची गाडी फुकट आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही फुकट आहेत.

दवाखान्यात गेल्या गेल्या बोटाला मशीन लावलं, ऑक्सिजन दिला, नेब्युलायझरची वाफ सुरू केली. दम जरा खाली बसल्यावर डॉक्टर मॅडमनी पोराच्या चेहऱ्याकडं बघितलं, कपाळावरची लव बघितली आणि मला विचारलं, "ताई, पुडी कुणाची चालू होती?" मी पुडीचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं.

घरून रिकाम्या पुड्या मागवल्या. एकीच्या घडीत चिमूटभर चूर्ण राहिलं होतं. मॅडमनी ते केसपेपरवर झटकलं आणि बोटानं पसरलं. तपकिरी भुकटीत पांढरे कण वेगळे दिसत होते. त्या म्हणाल्या, नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही, ती प्रयोगशाळेतच होते, पण लेकराचं शरीर सांगतंय की त्याला रोज स्टेरॉईड, म्हणजे सूज दाबणारं जोरदार औषध, मिळत होतं. सकाळी रक्त काढून कॉर्टिसोल तपासलं, ते फारच कमी निघालं. स्टेरॉईडच्याच जातीचं हे संप्रेरक आपलं शरीर स्वतः बनवतं. बाहेरून जास्तीचं स्टेरॉईड येत राहिलं की शरीर ते बनवायचं थांबतं, आणि मग बाहेरचं अचानक तुटलं की अंगात काहीच उरत नाही. उलट्या, पोटदुखी, रक्तदाब आणि साखर खाली येणं, गळून जाणं, वेळेवर इलाज नाही झाला तर जीवही जातो. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की पुडी एकदम बंद करू नका. आमच्या पोराला मोजलेलं औषध देऊन ते पायरी पायरीनं कमी करत आणलं.

इथं बरीच माणसं एक प्रश्न विचारतात, आमच्याकडंही विचारला: पंपात पण स्टेरॉईडच असतं म्हणतात, मग फरक काय? तो मॅडमनी मला कागदावर लिहून दाखवला. पंपातलं औषध, उदाहरणार्थ बुडेसोनाइड, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका फवाऱ्यात १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम, आणि ते जातं थेट श्वासनळीत. स्टेरॉईडच्या गोळ्या पाच, दहा मिलिग्रॅमच्या असतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. दम्याचा मोठा झटका आला तर डॉक्टरही तोंडावाटे स्टेरॉईड देतात, पण वजन बघून, मोजून, थोडे दिवस. पुडीत किती कुटून घातलंय हे कुणी मोजलेलंच नसतं. एका पुडीत एक गोळी, दुसरीत दोन, खल जसा फिरेल तशी. ते महिनोनमहिने पोटात गेलं की चेहरा सुजतो, उंची खुंटते, रक्तदाब वाढतो, साधा ताप-संसर्गसुद्धा लेकराला झेपत नाही.

खोकला थांबला म्हणजे औषध खरं, असं आपण धरून चालतो आणि तिथंच हे लोक आपल्याला गाठतात. यांचं औषध फसवं असूनही गुण दाखवतं. आणि इथं आयुर्वेदाला बोल लावू नका. शिकलेला वैद्य नोंदणीकृत असतो, चिठ्ठी लिहून देतो, औषधाचं नाव सांगतो आणि तुमचा पंप बंद करायला लावत नाही. ज्याला नाव सांगायची लाज वाटते, त्याच्या हातचं लेकराच्या तोंडात घालू नका.

पोर घरी आल्यावर हे त्या गल्लीत गेले, तर पाटी काढलेली आणि शटर बंद. शेजारचा म्हणाला, "गावाकडं गेलेत." फोन लागत नाही. रोखीच्या पैशांचा पुरावा नाही, पण एकदा ह्यांनी मोबाईलवरून पैसे टाकले होते, त्याची नोंद निघाली. ती, पुड्यांचे कागद, उरलेलं चूर्ण, दवाखान्याची कागदपत्रं असं सगळं जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला आणि शिक्क्याची पोच घेतली. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या असतात, हे आम्हाला तिथं कळलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ प्रमाणं नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. औषधाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या फुकट क्रमांकावरही करता येते.

आता पोराचा पंप रोज चालतो. हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क तोंड-नाकावर घट्ट धरायचा, एक फवारा आणि पाच-सहा शांत श्वास, मग चूळ भरायला लावून तोंड पुसायचं. कापूस आम्ही शेजारच्या गोठ्यात हलवला, चुलीचा स्वयंपाक अंगणात गेला. चेहऱ्याची सूज हळूहळू उतरायली.

त्या माणसानं रोग्यांची वही ठेवलेली नव्हती. दारातल्या त्या ढिगात लेकरांच्या चपला कितीतरी होत्या, पण ती लेकरं कोणत्या गावची, हे कुणालाच माहीत नाही. त्यातल्या काहींच्या पुड्या आता अचानक संपल्या असतील. अर्जात मी पैसे मागितलेले नाहीत. आशाताईंमार्फत आजूबाजूच्या गावांत घरोघर विचारावं आणि त्याच्याकडं गेलेली लेकरं शोधून तपासावीत, एवढं मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या सोमवारी परत जाणार आहे.