स्लॅब होईपर्यंत दिवसातून चार फोन, झाल्यावर गायब : आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा रिव्ह्यू

पाचपैकी दीड स्टार. त्यातला एक सळई बांधणाऱ्या पोरांना, अर्धा मुकादमाला, कॉन्ट्रॅक्टरला स्वतःला शून्य. नाव टाकत नाही कारण हिशोब अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि असे लोक प्रत्येक गावात आहेत, नाव कळून फार फरक पडणार नाही. रिव्ह्यू लांब झालाय पण ज्यांचं घराचं काम चालू आहे ते वाचतील, त्यांना तसंही रात्री झोप नसते.

काम सोलापुरातलं, जुळे सोलापूर बाजूला. स्वतःचा प्लॉट, तळमजला, नऊशेच्या आसपास स्क्वेअर फुटाचा स्लॅब, मटेरियलसकट फूट रेटवर ठरलेलं. प्लिंथ, कॉलम इथपर्यंत माणूस एक नंबर. सकाळी फोन, दुपारी फोन, "साहेब खडी आली", "साहेब एकदा येऊन बघून जावा". कॉलम ओळंब्यात, स्टील ड्रॉइंगप्रमाणे, रिंगांचं अंतर टेप लावून मोजलं तरी बरोबर. म्हणून सांगतो, फक्त सुरुवात बघून कुणाला चांगलं म्हणू नका, सुरुवातीला सगळेच चांगले असतात, पुढचा हप्ता घ्यायचा असतो.

स्लॅबच्या दिवशी बिनसलं. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन काय सांगायचं. सकाळी सहाला सुरू करायचं ठरलेलं, पण लिफ्टवाला मिक्सर दुसऱ्या साइटवर अडकला आणि प्रत्यक्ष नारळ फुटला अकराला. भर दुपारी, वरून ऊन, बाजूने कोरडा वारा, आणि माल घट्ट होतोय म्हणून पोरं बादलीने पाणी ओतायला लागली. एम-२० ग्रेडच्या काँक्रीटच्या साध्या १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) मिक्सला ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटर पाणी ही वरची मर्यादा आहे, आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलंय, इथं कोण मोजतंय. मी म्हणलं तर उत्तर, "साहेब, पाणी नाही घातलं तर माल बसणार कसा?" अहो, माल थरथरवून बसवायला व्हायब्रेटर असतो. तोही होता, एकच, आणि त्याची निडल मधेच बंद पडली, मग शेवटच्या दोन बीमला सळईने कोचून काम भागवलं. संध्याकाळी वरून फिनिशिंग झालं, लोकांनी जिलेबी खाल्ली आणि स्लॅबचा हप्ता त्याच्या खात्यात गेला. आमच्याकडे पद्धतच ती आहे, स्लॅब झाला की पैसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला वर गेलो तर स्लॅबभर भेगा. एक-दोन नाही, हॉलच्या भागात तिरक्या, एकमेकींना जवळपास समांतर, फूट दीड फूट अंतरावर. नखाचं टोक जाईल एवढ्या रुंद. बेडरूमच्या बाजूला वेगळ्याच, अगदी सरळ रेषेत, खाली सळई जिथून गेलीय बरोबर त्याच्या वरून. फोटो काढून पाठवले. ब्लू टिक आली. उत्तर नाही. फोन केला, वाजून बंद. दुपारी मेसेज आला, "साइटवर आहे, बघतो." त्यानंतर जे "बघतो" सुरू झालं ते संपेचना. वडील वेगळेच घाबरले, म्हणाले स्लॅब तोडावा लागतोय की काय. शेजारचे एक काका येऊन बघून गेले आणि मान हलवून गेले, ते तर त्याहून वाईट.

शेवटी ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावले (यांना पाचपैकी पाच, फी घेतली त्याच्या दुप्पट काम केलं). त्यांनी आधी काही न बोलता वर चक्कर मारली, एका भेगेवर छिन्नीने थोडं फोडून बघितलं, अर्ध्या इंचात भेग संपली. मग दुसरी, तिसरी, तेच. म्हणाले ह्या पहिल्या काही तासांतल्या भेगा आहेत, काँक्रीट अजून ओलं असताना वरचं पाणी ऊन-वाऱ्याने उडून जातं, खालून येणारं पाणी तेवढ्या वेगाने वर येत नाही, वरची साय आकसते आणि फाटते. सळईवरच्या सरळ भेगा वेगळ्या, तिथं माल खाली बसला आणि सळईने अडवला, शिवाय सळईवर काँक्रीटचा थर (कव्हर) कमी. पण अशा भेगा कधीकधी आरपारही जातात, म्हणून तपासायचं. सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) निघाल्यावर आळं भरलेलं ठेवून खालून बघा कुठं ओल येते का, नाही आली तर या भेगांसाठी स्लॅब तोडायची गरज नाही, भरून घ्या आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग नीट करा. "आणि आता माझ्याशी बोलण्यापेक्षा आधी आळी बांधा," असं म्हणाले.

आळी म्हणजे मसाल्याचे छोटे बांध घालून स्लॅबवर पाणी साठवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण करायला कुणी नसतं. कॉन्ट्रॅक्टरच्या भाषेत पाणी मारणं म्हणजे सकाळ संध्याकाळ पाइप फिरवणं, मधल्या वेळात ४२ डिग्रीत स्लॅब ठणठणीत वाळलेला. आमचं सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) होतं, त्याला किमान १० दिवस सतत ओलं ठेवायचं, शक्यतो १४, हेही आयएस ४५६ मधलंच. हे काम करारात त्याचं होतं, केलं आम्ही. टँकर आमचा, कारण सोलापुरात एप्रिलमध्ये नळाच्या पाण्यावर क्युरिंग करायचं म्हणजे विनोदच.

आता गंमत ऐका. जो माणूस फोन उचलत नव्हता, त्याची सेंट्रिंगची पोरं एक दिवस टेम्पो घेऊन न सांगता दारात हजर. "प्लेटा न्यायला आलोय, दुसऱ्या साइटला स्लॅब आहे." चौदा दिवससुद्धा झाले नव्हते. हॉलवरचा बीम अठरा फुटाचा, म्हणजे साडेपाच मीटर. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत, आणि ते साध्या ओपीसी सिमेंटला, पीपीसीला त्याहून जास्त थांबलेलं बरं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी चालतात, हे पोरांना पाठ होतं, बीमचं वेगळं असतं हे सोयीने विसरलेले. आई दारात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "बाळांनो, चहा घ्या, पण एक टेकू हलवायचा नाही." चहा घेऊन गेले. त्या संध्याकाळी मात्र कॉन्ट्रॅक्टरचा स्वतःहून फोन आला! भेगांबद्दल एक शब्द नाही, "साहेब, प्लेटांचं भाडं चढतंय, कोण देणार?" म्हणलं, "शेठ, आधी येऊन स्लॅब बघा, मग भाड्याचं बोलू." परत गायब.

खरी भानगड सेंट्रिंग काढल्यावर निघाली. वरच्या भेगांचं पाणी खाली कुठंच उतरलं नाही, इंजिनियर म्हणाले तसंच. पण व्हायब्रेटर बंद पडला होता त्या बीमच्या खाली, सपोर्टजवळ, हातभर लांबीत सगळी खडी उघडी. मधे सिमेंटच नाही, खडे बोटाने ओढले तर सुटून हातात येत होते. स्क्रू ड्रायव्हर घातला तर पार आत, आणि आत बारा एमएमच्या सळईवरच्या रेघा स्पष्ट मोजता येतील अशा दिसत होत्या. ज्या भेगांनी आमची झोप घालवली त्या फालतू निघाल्या, आणि जे खरं धोक्याचं होतं ते आणखी महिनाभरात प्लास्टरखाली गुडूप झालं असतं. मुकादम (हा माणूस खरंच सरळ, म्हणून अर्धा स्टार) खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, शेठने सांगितलंय सिमेंट-वाळू मारून बुजवा म्हणून." मी म्हणलं हात लावू नका.

ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब (ठोकळे) भरलेच नव्हते. एवढ्या मालाला दोन वेळा सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब घ्यायला पाहिजेत, करारात "टेस्टिंग कॉन्ट्रॅक्टरकडे" असं लिहिलेलं, पण साइटवर साचे दिसलेच नाहीत. मग २८ दिवस झाल्यावर लॅबवाल्यांना बोलावून रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक अशा दोन्ही टेस्ट केल्या. दोन्ही का, तर नुसत्या हॅमरचा (ठोका मारून उसळी मोजतात) ताकदीचा आकडा पंचवीस टक्के इकडे तिकडे होऊ शकतो आणि तो फक्त वरच्या कातडीचं सांगतो. अल्ट्रासॉनिकमध्ये आवाजाची लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते बघतात, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर ठीक, खाली असेल तर शंका. आमचा बाकीचा स्लॅब आणि बीम साडेतीनच्या वर आले, तो हातभर तुकडा बराच खाली. म्हणजे माल एकंदरीत बरा, भरताना हयगय. लॅबची सेवा चांगली, फक्त रिपोर्ट इंग्रजीत आणि आकड्यांचा, समजावून सांगायला इंजिनियर लागतोच.

दुरुस्ती आम्ही दुसऱ्याकडून करून घेतली. दोन्ही बाजूला जॅक लावून बीम धरला, सुटा माल सळईच्या मागेपर्यंत फोडून काढला, तारेच्या ब्रशने सळई साफ, बाँडिंग कोट, मग पाटी बांधून वरच्या बाजूने मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, पातळ वाहणारं) ओतलं आणि त्यालाही गोणपाट बांधून पाणी. खर्च पस्तीस हजारांच्या घरात, टेस्टिंगसकट. परत टेस्ट केली, आकडा व्यवस्थित आला.

पैशाचं. फोन आणि मेसेज बंद करून सरळ रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, फोटो, तारखा, लॅबचा रिपोर्ट, करारातली कलमं, सगळं जोडून, पंधरा दिवसांत उत्तर द्या नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ. काही जण म्हणाले रेराला जा, पण स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेल्या घराला रेरा लागत नाही, ते बिल्डरच्या प्रोजेक्टला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र लागतो, बांधकामाचं काम त्यात सेवेत धरलंय, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. माहितीसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, लागतो, माणूस बोलतो.

नोटीस पोचली आणि काय सांगू, शेठ स्वतः गाडी घेऊन घरी. सोबत पेढे. "साहेब, कोर्टाची भाषा कशाला, घरचंच काम आहे." घरचं काम होतं तर इतके दिवस फोन का उचलला नाही, ह्याला उत्तर होतं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम." बीम बघायला आता तयार होता, पण आता तिथं बघायला काही उरलं नव्हतं. दुरुस्तीचा निम्मा खर्च शेवटच्या बिलातून कापायला कबूल झालाय, आम्ही पूर्ण म्हणतोय, आणि लेखी दिल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही असं ठरवलंय.

मला त्याच्या भेगांचा राग नाही. सोलापूरच्या उन्हात स्लॅब टाकला की भेगा पडू शकतात, दुपार टाळली, ओली गोणपाटं पसरली तर कमी पडतात एवढंच. पहिल्याच दिवशी येऊन "साहेब घाबरू नका, ह्या वरच्या आहेत, आळी बांधतो" एवढं म्हणला असता तर मी त्याला चार स्टार दिले असते आणि इंजिनियरची फी वाचली असती. अर्थात मग तो बीमही बुजला असता, तेही आहे.

कुणाला असं काम द्यायचं असेल तर स्लॅबचा हप्ता दोन भागात करा, निम्मा स्लॅबच्या दिवशी, निम्मा सेंट्रिंग काढून खालून सगळं बघितल्यावर. आणि व्हायब्रेटर दोन आहेत का ते नारळ फोडायच्या आधी विचारा, चालू करून बघा. प्लास्टरचं काम आम्ही ह्याच मुकादमाला थेट दिलंय, शेठला वगळून. कसं होतंय ते इथंच खाली टाकतो.