फोर बाय फोर म्हणून घेतली, निघाली टू व्हील : ३,०८,७०० रुपयांचा धडा

लिहू की नको करत दोन महिने गेले. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, हीला वाटतंय अडीच लाखच गेलेत. पण परवा अजून एकाचा फोन आला. ज्याने मला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, म्हणून मागच्या दोनच चाकांवर चालणारी जीप विकली, त्याच माणसाशी तसल्याच जीपची बोलणी चालू होती त्याची, म्हणून लिहितोय.

आमचं रान जावळीत, डांबरापासून वर दीड किलोमीटर कच्चा चढ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाल चिखल, दुधाचे कॅन डोक्यावर आणायचे. नवीन गाडी परवडत नाही. म्हणून महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप शोधत होतो, प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन असलेली. ऑनलाइन जाहिरात दिसली, १९९३ चं मॉडेल, "ओरिजिनल फोर बाय फोर, काकांची गाडी, घरगुती वापर". काका कोण ते आजपर्यंत दिसले नाहीत. ३,४०,००० सांगितले, २,८५,००० ला तुटलं. २५,००० टोकन यूपीआयने, १,६०,००० बँकेतून आणि १,००,००० कॅश. हो, कॅश. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, माझा मेव्हणा आधीच म्हणून झालाय.

मी काही अगदीच अडाणी नाही, ट्रॅक्टर सोळा वर्षं चालवतोय. खाली वाकून बघितलं मी. पुढचा जॉइंट, म्हणजे ट्रान्स्फर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) पुढच्या एक्सलला जाणारा शाफ्ट, जागेवर नव्हता. विचारलं तर म्हणे "दादा, काढून ठेवलाय, रोडवर लागत नाही, डिझेल वाचतं," आणि गोणपाटात गुंडाळलेला जॉइंट आणून माझ्या पायाशी ठेवला. जड, ग्रीस लावलेला. मी समाधानी.

मग म्हटलं फोर बाय फोरचा लो गिअर लावून बघू. लिव्हर खटकन पडलं. गाडी हलवायला गेलो तर म्हणाला, "डांबरावर नका हो, या गाड्यांना मधला, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो, चाकं एकमेकांना बांधली जातात, वळताना काहीतरी तुटेल." आता हे खरं आहे हो! फक्त जॉइंट लावलेला असेल तेव्हा, आणि तो तर खाली होता. म्हणून तर फसलो, खरी गोष्ट सांगून मला टेस्टपासून लांब ठेवलं त्याने. शेजारीच नांगरलेलं शेत होतं. वीस पावलांवर. गाडी तिकडे न्यायचं डोक्यात का आलं नाही हे रोज रात्री आठवतं. अर्थात जॉइंटच खाली पोत्यात होता, शेतात नेऊन तरी काय घंटा कळलं असतं. जॉइंट लावल्याशिवाय बोलणीच करायची नव्हती.

आणि खरी चूक तर त्याच्याही आधीची. जानेवारी, सकाळचे सात, काचेवर दव. एक्सडीपी जुन्या पद्धतीचं, आधी हीटर प्लग तापवायचे, थांबायचं, मग सेल्फ. मी हीटरचं बटण दाबायच्या आत विकणाऱ्याने चावी मारली आणि अर्ध्या सेल्फला चालू! मी बायकोला फोन करून सांगितलं, इंजिन कसलं टाइट आहे बघ. अरे गाढवा, डायरेक्ट इंजेक्शनला, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनाला, सहसा हीटर लागत नाही म्हणून चालू झालं ते. ते इंजिन एक्सडीपी नव्हतंच.

घरी आणून मिस्त्रीकडे टाकली. आधी जॉइंट बसवायला घेतला तर तीन इंच लांब, फ्लँजची भोकंही जुळेनात. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. मग त्याने ट्रान्स्फर केस उघडली. मागच्या चाकांपुरते गिअर आत, पुढे जाणारा आउटपुट शाफ्टच गायब, लिव्हरचा गिअर सरकवणारा फोर्क नुसता हवेत. पुढच्या एक्सलच्या हौजिंगचं झाकण काढलं तर क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारे गिअरच नाहीत, आत चिंध्या आणि जुनं ऑइल. मिस्त्री हसला नाही, तेच जास्त लागलं. इंजिन एका पिकअपमधलं २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं, नंबरच्या जागी ग्राइंडर मारलेला. टोइंग ६,०००, उघडायचे ३,२००, आणि त्याआधी नाव बदलायला एजंटने घेतलेले १४,५००. त्याने फॉर्म २९-३० वर सह्या घेतल्या, गाडी कुणी बघितलीच नाही.

तुम्ही घेत असाल तर एक पुढचं चाक जॅकवर उचला, पुढचे दोन्ही हब (चाक एक्सलला जोडणारी कळ) लॉक करा, फोर बाय फोर लावा, इंजिन बंद ठेवून गिअरमध्ये टाका. चाक हाताने फिरलं की उठायचं आणि घरी यायचं. चहा पण प्यायचा नाही.

पोलिसात गेलो. हवालदार म्हणाले, "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं ४२० लावा, तर म्हणे ४२० आता राहिलं नाही, ३१८ आहे, आणि हे दिवाणी मॅटर आहे. कलमाचा नवा नंबर पाठ आहे, तक्रार घ्यायची नाही! तीन चकरा, तिसऱ्यांदा फक्त अर्जावर शिक्का. कॅशची पावती मागितली. आरटीओत तर उलटीच गंमत, इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, ती कुठाय? म्हटलं मी बदललंच नाही. तर म्हणे, आरसीवर नाव तुमचं आहे. म्हणजे आता गुन्हेगार मी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून ऑथरायझेशन घ्यावं लागतं, हा माणूस महिन्याला चार जीपा विकतो असं नंतर कळलं, त्याला कोण विचारणार? तर म्हणे लेखी द्या. दिलं. पोच मागितली तर साहेब जेवायला गेले होते. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले तो स्वतःला डीलर म्हणवतच नाही, "काकांची गाडी" आहे ना, आधी धंदा करतो हे सिद्ध करा. त्या काकांच्या तर...

चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर स्वतः बॅटरी मारून आरसीशी ताडून बघा. फोटोवर जाऊ नका. मिस्त्रीचे पाचशे वाचवायला मी एकटा गेलो होतो, हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या वर्षी आरसीचं रिन्यूअल आहे, तेव्हा तपासणीत इंजिनचं काय सांगायचं हे कुणाला माहीत असेल तर सांगा. जीप ताडपत्रीखाली उभी आहे, कॅन अजून डोक्यावरच. आणि तो पोत्यातला जॉइंट गोठ्यात ठोकलाय, म्हशीला खुंटा म्हणून.