हस्ताक्षरी फॉन्ट: कलम घ्यावा की तिल्लाना?

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या दुकानाची पाटी असो की मिसळीचं मेन्यूकार्ड, हाताने लिहिल्यासारखं अक्षर हवं म्हटलं की युनिकोडमध्ये (म्हणजे संगणकावर-फोनवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) दोन नावं पुढे येतात: कलम आणि तिल्लाना. दोन्ही इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचे, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट आणि दोन्हींत देवनागरीबरोबर रोमन अक्षरंही आहेत.

कलम म्हणजे बॉलपेनने किंवा बारीक स्केचपेनने भरभर लिहिलेली चिठ्ठी. अक्षर उजवीकडे चांगलंच झुकलेलं. हलकं, नेहमीचं आणि ठळक अशी तीनच वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार. चपलेच्या खोक्यात टाकायचं ‘पावसात भिजवू नका, सावलीत वाळवा’ हे कार्ड यात झकास दिसतं, कारण चार-पाच ओळींचा मजकूरही वाचायला त्रास होत नाही. पानभर मात्र लावू नका. तिरकेपणाने डोळे दमतात.

तिल्लानाचा बाज वेगळा, थोडा नटवा. त्याची वजनं पाच, नेहमीच्यापासून अतिठळकपर्यंत. ‘तांबडा-पांढरा’ असे दोनच शब्द लांबून दिसायला हवेत, तिथे मी डोळे झाकून हाच घेईन. बारीक आकारात त्यात मजा नाही.

तालमीच्या फ्लेक्सवर मात्र दोन्ही नकोत, तिथे जाडजूड सरळ अक्षरच शोभतं. लग्नपत्रिकेत नावांना तिल्लाना आणि आग्रहाच्या ओळीला कलम चालेल, पण मुहूर्त, पत्ता साध्या अक्षरात. आणि छापखान्यात अजून जुनं नॉन-युनिकोड टायपिंग चालत असेल, तर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर फॉन्ट लावल्यावर अगम्य चिन्हं दिसतील.