लॅबच्या काउंटरवरचा वायरवाला फोन: पावसाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव

आमची पॅथॉलॉजी लॅब कोल्हापुरात आहे. बाहेर काउंटर, मधे सॅम्पलची खोली, आत डॉक्टरांची केबिन. दिवसभर फोन मुख्यतः एकाच कारणासाठी वाजतो: "रिपोर्ट झाला का हो?" पूर्वी या कामाला एक मोबाइल होता. तो कधी चार्जिंगला लावलेला, कधी घरोघर सॅम्पल घ्यायला गेलेल्या मुलाच्या खिशात, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या घरी ते विचारूच नका. नंबर लॅबचा, पण फोन माणसाबरोबर फिरायचा. म्हणून फायबर इंटरनेटबरोबर मिळालेल्या लँडलाइन नंबरावर काउंटरला वायरवाला, डिस्प्लेवाला, स्पीकरवाला फोन बसवला. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता थंडी संपत आली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घाटाचे, जवळजवळ याच बटणांचे फोन वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आणि खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू आहे.

जोडणी सोपी. खोक्यात आट्यांची वायर निघते ती रिसीव्हरची, चपटी असते ती लाइनची. दोन्हींची टोकं सारखीच वाटतात, पण रिसीव्हरचं टोक किंचित अरुंद असतं. लाइनची वायर फायबरच्या डब्यामागे 'फोन' लिहिलेल्या खाचेत जाते. जुन्या तांब्याच्या लाइनचं भिंतीवरचं सॉकेट आता नुसतं शोभेला. मागच्या कप्प्यात पेन्सिल सेल घाला. सेल नसले तरी बोलता येतं, पण डिस्प्लेवर नंबर दिसत नाही. फोनच्या बुडाला 'टी' आणि 'पी' असं एक बारकं बटण असतं, ते 'टी' वरच हवं. 'पी' वर फोन सुरांऐवजी लाइन तोडून-जोडून आकडे पाठवतो, चकतीच्या फोनची ती पद्धत. मग "मराठीसाठी एक दाबा" म्हणणाऱ्या बाईंना तुम्ही काय दाबलंत ते कळतच नाही.

खरी डोकेदुखी पुढे. तीन खोल्यांसाठी आमच्याकडे फायबरचा डबा आणि फोन यांच्या मधे छोटा ईपीएबीएक्स आहे, म्हणजे एकच लाइन तिन्ही खोल्यांतल्या फोनना वाटून देणारं यंत्र. काउंटरवर आलेला कॉल डॉक्टरांना द्यायचा तर फोनवरचं 'फ्लॅश' बटण दाबायचं, केबिनचा नंबर दाबायचा, रिसीव्हर ठेवायचा. सुरुवातीला फ्लॅश दाबलं की पेशंट गायब. दुकानदार म्हणाला ईपीएबीएक्स खराब आहे, ईपीएबीएक्सवाला म्हणाला फोन खराब आहे. दोन्ही धडधाकट होते. फ्लॅश म्हणजे लाइन क्षणभर तोडून परत जोडणं. तो क्षण किती लांब, हे फोनच्या मेनूत ठरवता येतं. आमच्या फोनवर तो 600 मिलिसेकंद होता. ईपीएबीएक्सला वाटायचं, यांनी रिसीव्हर ठेवला. 300 वर आणल्यापासून एकही कॉल असा तुटला नाही. उलट फारच कमी ठेवलात तर फ्लॅश दाबल्याचं ईपीएबीएक्सला कळतच नाही. नवीन फोन घेताना "फ्लॅश टाइम बदलता येतो का" एवढं विचाराच. दुकानात याचं उत्तर चटकन मिळत नाही, तेव्हा खोक्यातलं माहितीपत्रक उघडून बघा.

मग शून्यांचा घोळ. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. त्यात ईपीएबीएक्समधून बाहेरची लाइन घ्यायलाही शून्य. म्हणजे पेशंटच्या मोबाइलला लावताना दोन शून्यं: पहिलं ईपीएबीएक्सचं, दुसरं टेलिफोन खात्याचं. काउंटरवरच्या ताईंना हे एका दिवसात अंगवळणी पडलं. फोनला मात्र अजून पडलेलं नाही! आलेल्या कॉलच्या यादीतून नंबर काढून डायलचं बटण दाबलं की तो नंबर जसा आला तसाच लावतो, शून्याविना. त्यामुळे 'कॉल बॅक' ही खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेली सोय आमच्याकडे फक्त नंबर वाचायला उपयोगी पडते. काही फोनमध्ये पुढचा आकडा आपोआप लावायची सेटिंग असते, आमच्यात नाही. एका बटणात साठवलेले नंबर मात्र दोन्ही शून्यांसकट साठवता येतात. रक्तपेढी, दोन हॉस्पिटलं आणि यंत्र दुरुस्त करणारा असे नंबर भरून ठेवलेत, ते उत्तम चालतात.

नंबर दिसण्याबद्दल आणखी एक. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत झडप घालून रिसीव्हर उचललात तर डिस्प्ले कोराच राहू शकतो. लाइनवर नंबर एफएसके पद्धतीने (म्हणजे दोन वेगवेगळ्या सुरांच्या खुणांनी) येत असेल तर तो बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत पाठवला जातो. आमच्याकडे आता दुसऱ्या रिंगला उचलायचा नियम आहे. फोन ईपीएबीएक्समधून येत असेल तर तोही नंबर पुढे पाठवणारा हवा, नाहीतर डिस्प्लेवाल्या फोनचे पैसे वाया.

आवाजाला दहापैकी नऊ. रिसीव्हरमधला आवाज भरदार आहे. पेशंटचं नाव, वय, कोड नंबर हे मोबाइलवर दोनदा विचारावं लागायचं, ते आता एकदाच. फायबर असल्यामुळे पावसाळ्यातली ती खरखरही नाही, जी तांब्याच्या लाइनवर सांध्यात पाणी गेलं की सुरू व्हायची. स्पीकरफोनला मात्र पाच. तो एका वेळी एकाच बाजूचा आवाज सोडतो. दोघं एकदम बोलले की शब्द गिळले जातात, आणि मागे सेंट्रिफ्यूज (रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) फिरत असेल तर त्याच्या घरघरीला फोन आपलं बोलणं समजतो आणि समोरच्याचा आवाज दाबून टाकतो. होल्डवर ताटकळताना हात मोकळे ठेवायला ठीक, बोलायला रिसीव्हरच घ्या.

वीज गेली की काय? जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट यायचे, गावभर अंधार असला तरी फोन चालू. फायबरवर ते सुख संपलं. डबा बंद, फोन बंद. आमच्याकडे ईपीएबीएक्स इन्व्हर्टरवर होता, फायबरचा डबा नव्हता, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये तीन खोल्या आपसात बोलू शकायच्या आणि बाहेरच्या जगाला आम्ही मेलेले. डब्यासाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. हा खर्च फोनच्या किमतीतच धरा.

झीज म्हणाल तर, सॅनिटायझरने पुसून पुसून बटणांवरचे आकडे फिके पडायला लागलेत. लॅबमध्ये पुसणं टाळता येत नाही, पण आता फडक्यावर थोडंसं घेऊन पुसतो, थेट फवारत नाही. रिसीव्हरच्या वायरला पीळ पडतो. रिसीव्हर खाली लोंबकळत सोडला की स्वतःच गिरक्या घेऊन सुटतो. फोन वजनाला फारच हलका आहे, वायर ताणली की टेबलावरून सरकत येतो. बुडाला दुहेरी चिकटपट्टी लावून तो प्रश्न मिटवला.

पेशंटना व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट हवा असतो, तर लँडलाइनचं काय, असं अनेकजण विचारतात. व्हॉट्सअॅप बिझनेस लँडलाइन नंबरावर सुरू करता येतं. एसएमएसऐवजी कॉल मागवायचा, कोड तोंडी सांगितला जातो. फक्त त्या वेळी फोन स्वतः उचला. कॉल "आमच्या लॅबमध्ये आपलं स्वागत आहे" या टेपकडे गेला तर कोड टेपलाच ऐकवला जातो. आता पेशंट बोलतात आणि रिपोर्ट मागवतात तो नंबर एकच, आणि तो कुणाच्या खिशातून बाहेर जात नाही.

नेटवर्कच्या वायरीवर चालणारा आयपी फोनही बघितला होता. आवाज आणखी स्वच्छ, वीजही त्याच वायरीतून. पण त्याचं सेटिंग करणारा माणूस हाताशी लागतो, आणि तीन खोल्यांसाठी तो खटाटोप मला पटला नाही. वीस-पंचवीस टेबलं असतील तर सरळ तिकडे जा. डॉक्टरांच्या केबिनसाठी पुढच्या महिन्यात साधा, डिस्प्ले नसलेला वायरवाला फोन घेणार आहे, कारण तिथे येणारा प्रत्येक कॉल काउंटरवरूनच येतो. फ्लॅश टाइम मात्र त्याचाही बघूनच घेईन.