झोपेच्या गोळ्यांसाठी लघवीची तपासणी: घरची पट्टी की लॅबचा रिपोर्ट?

घरातलं माणूस झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेल्याचा संशय आला, की बहुतेक जण औषधाच्या दुकानातून लघवीची पट्टी आणतात. ती स्वस्त असते आणि पाच मिनिटांत निकाल देते. लॅबमधली एलसी-एमएस तपासणी (नमुन्यातले पदार्थ यंत्रावर वेगळे करून ओळखणारी) महाग पडते, रिपोर्टलाही काही दिवस लागतात. पण निवड पैशांवरून करू नका. माणूस कोणती गोळी घेतोय, ते आधी बघा.

झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या बेंझोडायझेपिन या गटातल्या असतात. त्यांची पट्टी साधारणपणे याच गटातलं ऑक्साझेपाम ओळखण्यासाठी बनवलेली असते. तिची मर्यादा बहुधा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम असते, त्याखालचं सगळं ती निगेटिव्ह दाखवते. डायझेपामचं शरीरात शेवटी ऑक्साझेपामच होतं, म्हणून ते चांगलं पकडलं जातं. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामचं तसं होत नाही. त्याचं 7-अमिनोक्लोनाझेपाम होतं आणि ते अनेक पट्ट्यांवर उमटतच नाही. लोराझेपामही असंच निसटतं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी तर या गटातलीच नाही. त्यामुळे मुलगा क्लोनाझेपाम घेत असेल आणि पट्टी निगेटिव्ह आली, तर त्यावरून तो सुटला असं मी तरी मानणार नाही.

पट्टी वाचतानाही लोक हमखास गोंधळतात. गरोदरपणाच्या चाचणीत दोन रेघा म्हणजे होकार. इथे दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. ‘टी’जवळची रेघ अगदी फिकट असली तरी निगेटिव्हच. ती रेघ उमटलीच नाही, फक्त ‘सी’जवळची आली, तर पॉझिटिव्ह. ‘सी’चीच रेघ नसेल तर पट्टी बाद.

पॉझिटिव्ह आली तरी लगेच आरोप करू नका. नैराश्यासाठी दिलं जाणारं सर्ट्रालीन किंवा एचआयव्हीवरचं इफाविरेन्झ यांमुळेही काही चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येतात. नोकरी जाणार असेल, व्यसनमुक्ती केंद्रातून काढणार असतील किंवा कोर्टात कागद लागणार असेल, तर पट्टीवर निर्णय घेणं हा त्या माणसावर सरळ अन्याय आहे. तिथे लॅबच हवी. ती नेमकं औषध आणि शरीरात त्यापासून बनलेले पदार्थ वेगवेगळे दाखवते. मात्र नमुना देण्याआधी विचारा: तुमच्या तपासणीच्या यादीत 7-अमिनोक्लोनाझेपाम आहे का? झोल्पिडेम आहे का? क्रिएटिनिन बघता का? लघवीत नेहमी असणारा हा पदार्थ डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर लघवी भरपूर पाणी पिऊन किंवा पाणी मिसळून पातळ झालेली असू शकते.

किती दिवस मागचं कळतं, हेही गोळीवरच ठरतं. अल्प्राझोलाम काही दिवसांत निघून जातं, पण बरीच वर्षं घेतलेलं डायझेपाम बंद केल्यावरही काही आठवडे सापडू शकतं. म्हणजे नुसत्या पॉझिटिव्हवरून ‘काल पुन्हा घेतली’ असं म्हणता येत नाही. किती गोळ्या घेतल्या, ते तर दोन्ही तपासण्या सांगत नाहीत.

केंद्रातून परतलेल्या, डायझेपाम घेणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या देखरेखीला पट्टी पुरते. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम असेल तर सुरुवातीपासून लॅबचाच खर्च करा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घरातल्या गोळ्या मात्र एका दिवसात काढून घेऊ नका. बराच काळ घेतलेल्या या गोळ्या अचानक थांबल्या की फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. डोस मानसोपचारतज्ज्ञांकडूनच हळूहळू कमी करून घ्या. कुठे जायचं सुचत नसेल, तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.