मैवंदची म्हणून विकलेली संगीन

रेजिमेंटचा नंबर ठोकलेली व्हिक्टोरियन तलवार-संगीन कुणी तुमच्या हातात दिली, तर आधी तो नंबर तपासा, लढाईची गोष्ट मागाहून ऐका. या धंद्यात पोलादाला भाव थोडा आणि नंबराला फार. मला साडेचारशे पौंडांना गंडा बसला, पण गंमत अशी की माझ्याकडची संगीन अगदी अस्सल आहे. खोटे आहेत ते मुठीच्या टोकावरचे तीन आकडे.

मी इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. इथल्या फोर्बरी गार्डनमध्ये ओतीव लोखंडाचा अवाढव्य सिंह आहे, १८८६ साली उभारलेला. चौथऱ्यावर ६६ व्या बर्कशायर पलटणीच्या मृतांची नावं आहेत, तीनशेहून जास्त. त्यातले बहुतेक २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला पडले. त्या दिवशी ६६ व्या पलटणीबरोबर आपल्या मुंबई सैन्याच्या पलटणीही होत्या, मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. गोऱ्यांच्या हातात नव्या मार्टिनी-हेन्री रायफली आणि आपल्या शिपायांच्या हातात जुन्या स्नायडर. मुंबई सैन्यात तेव्हा कोकणातून, देशावरून भरती होत असे. त्या शिपायांची नावं त्या चौथऱ्यावर नाहीत, हे मला आजही खटकतं.

हे सगळं मी त्या विक्रेत्याला आपणहून सांगितलं नव्हतं. दक्षिण इंग्लंडमधल्या एका जुन्या शस्त्रांच्या बाजारात मी त्याच्या टेबलाशी रेंगाळलो, त्याने कुठून आलात, मूळचे कुठले एवढं विचारलं, आणि टेबलाखालून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. "तुमची आणि आमची माणसं एकत्र मेली तिथे," म्हणाला. गिऱ्हाईक ओळखायला त्याला दोन मिनिटं पुरली.

संगीन सुंदर आहे, नाकारून चालणार नाही. जवळजवळ ५८ सेंटिमीटरचं पातं, आधी किंचित खाली जाऊन टोकाकडे पुन्हा वर येणारं, तुर्की यातागान घाटाचं. मुठीला दाबून चौकटी उमटवलेलं काळं चामडं. बंदुकीच्या नळीवर बसणाऱ्या कड्याच्या आत आणखी एक पातळ कडं बसवलेलं. मूळची ही संगीन एनफील्ड रायफलची. मार्टिनी-हेन्रीची नळी बारीक, म्हणून भोक लहान केलं. साध्या शिपायांना लांब टोच्यासारखी सॉकेट संगीन मिळे, तलवार-संगीन सार्जंटांकडे असे. विक्रेत्याने हे सगळं सांगितलं, आणि हे सगळं खरं आहे. पुढे तो म्हणाला, "म्हणजे ही ६६ व्या पलटणीच्या सार्जंटची, मैवंदची." हा 'म्हणजे' साडेचारशे पौंडांचा होता. शिक्का नसलेली, याच अवस्थेतली संगीन दीडशेच्या आत मिळते.

एका जुन्या संग्राहकाने ती भिंगाखाली धरली आणि मला बघायला लावलं. मुठीच्या टोकावर गंजाने खाल्लेले बारीक खड्डे आहेत. आकडे जर १८८० च्या आधी ठोकलेले असते तर गंज आकड्यांच्या आतही उतरला असता, कडा बाकीच्या धातूबरोबर झिजल्या असत्या. इथे उलट होतं. आकड्याची रेघ खड्ड्याला मधून कापून गेलेली, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना धातू ओठासारखा वर उचललेला. ठोकल्यावर असा काठ येतोच, पण शंभर वर्षं हाताळून, पुसून तो सपाट होतो. मग त्याने कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन आकडे पुसले. बोळा काळा झाला, आकड्यांचा तळ चकाकला.

दुसरी गोष्ट त्याने हसत हसत दाखवली. शिक्का आहे २, खाली रेघ आणि तिच्याखाली ६६. म्हणजे ६६ व्या पलटणीची दुसरी बटालियन. अशी बटालियन होती, पण ती १८१७ मध्येच मोडली. मैवंदच्या वेळी ६६ वी एकाच बटालियनची होती, आणि १८८१ मध्ये ती ४९ व्या पलटणीबरोबर एक केली गेली, नंबरच गेला. दोन बटालियन होत्या त्या २४ व्या पलटणीच्या, दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी झालेल्या इसांडलवानाच्या लढाईवाल्या. त्यांच्या शिक्क्यांना सर्वांत जास्त मागणी, म्हणून बनावटही त्यांचीच जास्त. कुणीतरी तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवून ६६ ठोकला असणार. भोक का लहान केलं हे ज्याला ठाऊक, त्याला ही गोष्ट ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. पण ठोकणारा वेगळा आणि विकणारा वेगळा असूही शकतो.

जाता जाता: पात्यावर शिरस्त्राणाची छोटी खूण आहे, जर्मनीतल्या झोलिंगेनच्या किर्शबाउम कारखान्याची. इंग्रजी संगिनीवर जर्मन खूण बघून नवखे बिचकतात. बिचकू नका. ब्रिटिशांनी या संगिनी झोलिंगेनकडून भरपूर बनवून घेतल्या होत्या.

फोन केल्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं. "मी मैवंद म्हणालो? पावती बघा." पावतीवर लिहिलंय: जुनी ब्रिटिश संगीन, म्यानासह, आहे त्या स्थितीत. इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याने केलेल्या वर्णनाप्रमाणे वस्तू असावी लागते, पण तोंडी वर्णन सिद्ध कसं करणार? क्रेडिट कार्डाने शंभर पौंडांवरची वस्तू घेतली असती तर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं. त्या दिवशी त्याचं कार्डाचं मशीन 'बंद' होतं. तेव्हा नंबर, पलटण, लढाई जे काही तो बोलतोय ते पावतीवर त्याच्याच हातून लिहून घ्या. लिहायला कां-कू केली तर वस्तू टेबलावर ठेवा आणि निघा.

अलीकडे एका ऑनलाइन लिलावात दुसऱ्या एका तलवार-संगिनीचा फोटो पाहिला. तिच्यावरही २, रेघ आणि ६६. दोन्हींवर दुसरा सहा उजवीकडे कललेला आहे आणि रेघ डावीकडे जाड, उजवीकडे पुसट. लिलाववाल्यांना मी माझ्या संगिनीचे फोटो पाठवले, त्यांनी ती वस्तू यादीतून काढली. असा कललेला सहा कुठे दिसला तर फोटो काढून ठेवा.