पायकेव्हीएम अकरा महिन्यांनंतर: कनव्हर्टरमध्ये पैसे वाचवू नका

पायकेव्हीएम म्हणजे लांबूनच सर्व्हरचा पडदा दाखवणारं आणि त्याचा कीबोर्ड चालवू देणारं छोटं यंत्र. ते चित्र एचडीएमआयवरून घेतं, आमचा सर्व्हर मात्र व्हीजीएवरून देतो. ते जोडलं तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत होतो की व्हीजीएचं एचडीएमआय करणारा कनव्हर्टर कुठलाही चालतो, कोल्हापुरात राजारामपुरीत साडेतीनशेला मिळतो तोच घ्या. तो सल्ला मी मागे घेतो.

सर्व्हर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आणि मी राहायला कळंब्याला. जुलैत रात्री दहाला घरूनच व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरचं (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं) अपडेट टाकलं, रीबूट दिला आणि सर्व्हर परत आलाच नाही. वॉचमनमामांना फोन केला. ते म्हणाले, "दिवं तर लुकलुकत्यात की, बंद कुठं हाय?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडलेली. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेलेला पाहिलाय, त्यामुळं रात्री गाडी काढायची हिंमत झाली नाही. सकाळी आठला माल जायचा होता आणि बिलिंग त्याच सर्व्हरवर.

व्हीपीएनवरून, म्हणजे फाउंड्रीच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित जोडणीतून, पायकेव्हीएम उघडलं आणि आतलं चित्र समोर आलं. डेटा डिस्कची दीड मिनिट वाट बघून सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे अर्धवट सुरू होऊन दुरुस्तीची वाट बघत, थांबलेला. नेटवर्क सुरू व्हायच्या आधीच अडकल्यामुळं एसएसएच (लांबून आज्ञा द्यायची नेहमीची वाट) बंद. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, त्या डिस्कपुढं 'नोफेल' (नाही सापडली तरी पुढं जा) लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. डिस्कची यादी देणारी 'एलएसबीएलके' आज्ञा मारली तर बूटची एसएसडी तेवढी दिसली, रेड (RAID) कार्डामागचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करणाऱ्या कार्डामागचा, सगळा व्हॉल्यूम गायब. 'डीमेसग'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींमध्ये, डीमार फॉल्टच्या (कार्डानं मेमरीला नको तिथं हात लावल्याच्या) ओळींमागून ओळी. अपडेटसोबत ६.८ कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला होता आणि त्यात इंटेलचं आयओएमएमयू आपोआप चालू होतं. कुठल्या कार्डानं मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावायचा, हे आयओएमएमयू ठरवतं. आमचं जुनं रेड कार्ड त्या चौकटीत बसेना, म्हणून ड्रायव्हरनं त्याला सोडून दिलं. डिस्क धडधाकट होत्या, डेटाही जागेवर होता.

उपाय सोपा होता, ग्रबमधून, म्हणजे सुरू होताना येणाऱ्या मेनूतून, जुना कर्नल निवडायचा. आणि इथंच त्या साडेतीनशेच्या डबीनं दगा दिला. रीबूटला स्क्रीनचं रिझोल्यूशन बदललं की ती चित्र परत आणायला सहा-सात सेकंद घेते. ग्रबचा मेनू पाच सेकंदांत निघून जातो. तीन वेळा रीबूट केलं, तिन्ही वेळा काळा पडदा आणि थेट इमर्जन्सी मोड. चौथ्या वेळी पडदा काळा असतानाच खालच्या बाणाचं बटण दर अर्ध्या सेकंदाला दाबत राहिलो. ग्रबमध्ये एक बटण पोचलं की मोजणी थांबते. चित्र आलं तेव्हा मेनू उभा होता.

जुन्या कर्नलवर व्हॉल्यूम लगेच दिसला. ग्रबच्या ओळीत 'इंटेल_आयओएमएमयू=ऑफ' घातलं, 'अपडेट-ग्रब' चालवलं आणि नव्या कर्नलवर परत आलो. आम्ही कुठलंही कार्ड व्हर्च्युअल मशीनला थेट देत नाही, म्हणून ते बंद ठेवून चाललं. पावणेदोनला बिलिंग सुरू झालं.

पॉवर बटणाच्या वायरिंगबद्दलही माझं मत बदललंय. ते नसलं तरी चालतं असं वाटायचं, पण त्या रात्री दुसरा रीबूट देताना सर्व्हर पुरता गोठला होता आणि घरबसल्या रीसेट मारता आला तो त्या चार वायरींमुळंच. एमआयडीसीत लाइट कितीदा जाते! तरी पायकेव्हीएमचं एसडी कार्ड अजून खराब झालेलं नाही, कारण पायकेव्हीएम ते एरवी फक्त वाचण्यापुरतंच उघडतं. काही बदलायचं तर आधी 'आरडब्ल्यू' (लिहू दे) आणि काम झालं की 'आरओ' (फक्त वाच) ही आज्ञा द्यावी लागते. पायकेव्हीएमचा मूळ पासवर्ड 'ॲडमिन'च असतो, तो पहिल्या दिवशी बदला आणि इंटरनेटवरून थेट आत येता येईल असं राउटरवर पोर्ट अजिबात उघडू नका.

आता चौदाशेचा, वेगळी वीज घेणारा कनव्हर्टर लावलाय. दोन सेकंदांत चित्र येतं. ग्रबची मुदत मात्र मी तीस सेकंदच ठेवली आहे.